लिहिण्याआधीची वर्षे

जुन्या हिंदी पुस्तकांच्या दुकानात मैथिलीशरण गुप्तांचे एखादे पुस्तक हाती लागले, तर आतल्या पानावर एक पत्ता सापडतो : साहित्य-सदन, चिरगाँव (झाँसी). प्रकाशनाचा पत्ता म्हटला की आपल्याला अप्पा बळवंत चौक आठवतो, गिरगाव आठवते. हा पत्ता मात्र झाशीहून कानपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, तीसेक किलोमीटरवर असलेल्या बुंदेलखंडातल्या एका लहान गावाचा आहे. कवीचे घर त्या गावात आणि प्रकाशनही त्याच घरचे. ज्या काव्यामुळे गुप्तजींचे नाव हिंदीत कायमचे झाले, ते ‘साकेत’ही याच पत्त्यावरून बाहेर पडले.

‘साकेत’ १९३१ साली पुरे झाले. त्याचे बीज पडले १९०८ साली. मधल्या तेवीस वर्षांचा हा मागोवा. आपल्याकडे चर्चा होते ती छापून आलेल्या पुस्तकाची. लिहायला बसण्यापूर्वी लेखकाने काय काय जमवले, त्यातले काय ठेवले, काय बाजूला सारले, मांडणी कशी ठरवली, हे बहुतेकदा त्याच्याबरोबरच जाते. चिरगावच्या बाबतीत त्यातले पुष्कळ मागे राहिले आहे. लिहू पाहणाऱ्या प्रत्येकाने ते पाहावे असे मला मनापासून वाटते, कारण त्यातून एक गोष्ट लख्ख दिसते. हाताशी साहित्य भरपूर असले म्हणून लेखन सुरू होत नाही. आपण कुठे उभे राहून सांगणार, हे ठरल्यावर ते सुरू होते.

घरात आधीच जमलेले

मैथिलीशरण गुप्तांचा जन्म ३ ऑगस्ट १८८६ रोजी चिरगावात झाला. वडील शेठ रामचरण हे व्यापारी आणि रामभक्त. ते स्वतः भक्तिपर कविता करत. मुलाला शिकायला झाशीला पाठवले, पण शाळेत त्याचे मन रमले नाही. पुढचे शिक्षण घरीच झाले : संस्कृत, व्रजभाषा, जुनी काव्ये. मुन्शी अजमेरी हे कवी आणि गायक जन्माने मुसलमान, पण या वैष्णव कुटुंबात घरच्यासारखेच वावरणारे. धाकटा भाऊ सियारामशरण हाही पुढे कवी आणि कादंबरीकार झाला. अशा घरात रामकथा कुणी मुद्दाम शिकवावी लागत नाही. ती सकाळच्या पूजेत असते, जेवणाच्या पंगतीत असते, दारी आलेल्या गोसाव्याच्या तोंडी असते.

म्हणजे ‘साकेत’साठी लागणारी सामग्री या कवीजवळ वयाच्या दहाव्या वर्षीच होती. तरीही काव्य पुरे व्हायला त्याच्या वयाची पंचेचाळीस वर्षे उलटावी लागली. हे अंतर कशाने पडले, हाच खरा प्रश्न आहे.

झाशीच्या रेल्वे कचेरीतले गुरू

या गोष्टीत एक मराठी धागाही आहे. महावीरप्रसाद द्विवेदी त्या काळी झाशीत रेल्वेच्या नोकरीत होते. नोकरीच्या निमित्ताने ते मुंबईकडे राहिले होते आणि मराठी शिकले होते. त्यांच्या कवितेतली संस्कृत वृत्ते आणि गद्याला जवळची सरळ पदरचना ही मराठी कवितेच्या वळणाने आली, असे रामचंद्र शुक्लांनी आपल्या हिंदी साहित्याच्या इतिहासात नोंदवले आहे. १९०३ साली द्विवेदीजी अलाहाबादच्या इंडियन प्रेसमधून निघणाऱ्या ‘सरस्वती’ मासिकाचे संपादक झाले.

चिरगावचा तरुण तेव्हा ‘रसिकेंद्र’ या नावाने व्रजभाषेत लिहीत होता. द्विवेदीजींना त्या जुन्या वळणाच्या कविता नको होत्या, बोलचालीच्या खडीबोलीत लिहिलेल्या हव्या होत्या. १९०५ साली ‘सरस्वती’त ‘हेमंत’ ही गुप्तजींची कविता आली, ती संपादकाने बरीच दुरुस्त करून. नवशिक्याला वाईट वाटावे इतकी ती दुरुस्ती होती. गुप्तजींनी मात्र मूळ आणि दुरुस्त पाठ शेजारी शेजारी ठेवून पाहिला असणार, कारण पुढच्या चार-पाच वर्षांत त्यांची भाषा पार बदलून गेली. १९१० साली ‘जयद्रथ वध’ आले तेव्हा ‘रसिकेंद्र’ मागे पडला होता.

लेखनाच्या तयारीतले हे पहिले काम, आणि ते हमखास विसरले जाते. विषय जमवण्याआधी अवजार हाती यावे लागते. ज्या भाषेत विचार सरळ उभा राहत नाही, त्या भाषेत केलेली टिपणे वहीतच राहतात.

१९०८ : एक प्रश्न

१९०८ साली द्विवेदीजींनी ‘सरस्वती’त टोपणनावाने एक लेख लिहिला. कवींनी उर्मिलेकडे दुर्लक्ष केले, ही त्यातली तक्रार. रवींद्रनाथ ठाकुरांनी त्याआधी बंगालीत ‘काव्येर उपेक्षिता’ हा निबंध लिहिला होता, त्याचीच ही प्रेरणा. रामाबरोबर सीता गेली, लक्ष्मण गेला. लक्ष्मणाची बायको मागे राहिली. नवविवाहित मुलीने चौदा वर्षे त्या राजवाड्यात कशी काढली, याबद्दल वाल्मीकी बोलले नाहीत आणि तुलसीदासही बोलले नाहीत.

हा लेख म्हणजे विषय नव्हता, प्रश्न होता. विषय आणि प्रश्न यांतला फरक लिहिणाऱ्याच्या फार उपयोगाचा आहे. ‘रामायण’ हा विषय झाला. त्यावर वह्याच्या वह्या भरता येतात, आणि प्रत्येक नवी नोंद आधीच्या नोंदींइतकीच महत्त्वाची वाटते. ‘ती चौदा वर्षे उर्मिला काय करत होती?’ हा प्रश्न झाला. तो मनात आला की नोंदी आपोआप दोन बाजूंना होऊ लागतात : या प्रश्नाच्या कामाच्या आणि बिनकामाच्या. सुपात धान्य घेऊन बसलेल्या बाईला खडा कुठला हे कुणी सांगावे लागत नाही, कारण तिला भाकरी करायची आहे हे तिला ठाऊक असते.

झाशीचाच आणखी एक दाखला इथे देण्यासारखा आहे. दत्तात्रय बळवंत पारसनीसांचे मराठीतले राणी लक्ष्मीबाईंचे चरित्र १८९४ साली आले. झाशीच्या परिसरातले कादंबरीकार वृंदावनलाल वर्मा यांनी ते वाचले. राणी केवळ नाइलाजाने लढली, हा त्यातला सूर त्यांना पटला नाही. लहानपणी घरातल्या वडीलधाऱ्या बाईकडून त्यांनी राणीच्या गोष्टी ऐकल्या होत्या, त्या वेगळे सांगत होत्या. मग पेशाने वकील असलेल्या या माणसाने वर्षानुवर्षे कागदपत्रे धुंडाळली, म्हाताऱ्याकोताऱ्यांना गाठून आठवणी टिपल्या, आणि १९४६ साली ‘झाँसी की रानी’ ही कादंबरी दिली. सामग्री वेगळी, पद्धत वेगळी, पण सुरुवात तीच : एक प्रश्न, जो स्वस्थ बसू देत नाही.

आयता सांगाडा

‘साकेत’च्या आधी एक मोठे काम वाटेत आले. १८७९ साली कवी हालींनी उर्दूत ‘मुसद्दस’ लिहून आपल्या समाजाच्या उत्कर्षाचे आणि पतनाचे चित्र काढले होते. तसे काही हिंदीत हवे, असा आग्रह गुप्तजींना झाला आणि त्यांनी ‘भारत-भारती’ लिहायला घेतली. १९१२ च्या सुमारास ती पुरी झाली.

तिची बांधणी पाहण्यासारखी आहे. तीन खंड : अतीत, वर्तमान, भविष्यत्. आपण कोण होतो, आज काय झालो आहोत, पुढे काय होणार. सबंध पुस्तकाला एकच छंद, हरिगीतिका. पानोपानी तळटिपा : इतिहासातले दाखले, विद्वानांची मते, ग्रंथांतले आधार. कवितेच्या पुस्तकाला इतक्या तळटिपा क्वचितच असतात. या माणसाने आधी केवढे वाचून, टिपून, लावून ठेवले होते, हे त्या टिपांवरून कळते.

हे काम तुलनेने झटपट झाले, कारण सांगाडा पहिल्या दिवसापासून तयार होता. सापडलेली प्रत्येक गोष्ट तीनपैकी एका कप्प्यात जायची. शाळेत आपल्याला मराठीच्या पेपरात ‘मुद्द्यांवरून गोष्ट लिहा’ असा प्रश्न यायचा. एक म्हातारा, चार मुले, भांडणे, काठ्यांची मोळी, तात्पर्य. मुद्दे क्रमाने दिलेले असत, आपण फक्त वाक्ये जोडायची. ‘भारत-भारती’ची गोष्ट काहीशी तशी होती. काळाचा क्रम हाच तिचा क्रम. पुस्तक घरोघरी गेले, तरुणांच्या तोंडी बसले. त्याचे मोल कमी नाही.

पण उर्मिलेला हा क्रम लावता येत नव्हता. तिच्या बाबतीत काळाने काही घडवलेच नव्हते. चौदा वर्षे ती एका जागी होती. मुद्द्यांवरून गोष्ट लिहायला शाळेने शिकवले, पण मुद्देच हाती नसतील तेव्हा ते कुठून आणायचे, हे कुठल्याच फळ्यावर लिहिलेले नसते.

वाट पाहण्याची वर्षे

‘साकेत’चे पहिले भाग १९१६ च्या सुमारास ‘सरस्वती’त आले. पुरे पुस्तक यायला त्यानंतर पंधरा वर्षे लागली. या काळात कवी रिकामा नव्हता. १९२५ साली ‘पंचवटी’ आले. ते रामायणातलेच एक लहान खंडकाव्य आहे. चांदण्या रात्री पर्णकुटीबाहेर पहारा देणारा लक्ष्मण, आणि मग तिथे आलेली शूर्पणखा. मोठी मूर्ती घडवण्यापूर्वी शिल्पकार मातीचा नमुना करून पाहतो, तसे हे काव्य मला वाटते. उर्मिलेबद्दल लिहायचे तर तिचा नवरा एकटा असताना कसा असतो, हे आधी पाहून घ्यायला हवे होते.

याच वर्षांत त्यांनी ‘मधुप’ या नावाने मायकेल मधुसूदन दत्तांच्या ‘मेघनादवध’ काव्याचा हिंदी अनुवाद केला. रामायण रावणाच्या घरातून पाहिले तर कसे दिसते, हे त्या बंगाली काव्याने दाखवले होते. तीच कथा, फक्त उभे राहण्याची जागा बदललेली. अनुवाद करताना ओळ न् ओळ हातून जाते. एखादी मांडणी आतून समजून घ्यायची असेल तर अनुवादाइतकी चांगली तालीम नाही.

जागा ठरली

या सगळ्यातून जो निर्णय निघाला तो पुस्तकाच्या नावातच आहे. काव्य उर्मिलेसाठी लिहिले, नाव मात्र दिले ‘साकेत’, म्हणजे अयोध्या. कथा सहसा अयोध्येबाहेर जाणार नाही. राम वनात जातील, कवी त्यांच्याबरोबर तिथे राहणार नाही. तो मागे राहिलेल्यांबरोबर राहील.

या एका निर्णयाने बारा सर्गांत काय काय झाले, ते जरा जवळून पाहू. पहिल्या सर्गात राज्याभिषेकापूर्वीच्या महालात लक्ष्मण आणि उर्मिला बोलत बसलेले आहेत. आपण उर्मिलेला आधी सुखात पाहतो, म्हणून पुढचे दुःख कळते. कैकेयीचे वर, वनवास, दशरथाचा मृत्यू, भरताचे परतणे हे सारे अयोध्येतच घडते, त्यामुळे ते थेट सांगता आले. आठव्या सर्गात मात्र सगळे चित्रकूटला जातात. तिथे कवीने आपला नियम मोडला का? नाही. अयोध्येची सारी माणसे जिथे गेली, तिथेच त्या वेळी साकेत आहे, अशी त्याने जोड दिली. आणि त्याच सर्गात कैकेयीला पश्चात्तापाने बोलू दिले. हिंदी वाचकाच्या मनात ती कैकेयी आजही घर करून आहे.

मग नववा सर्ग. सबंध सर्ग उर्मिलेच्या विरहाचा. इथे कथा पुढे सरकत नाही, म्हणून कवीने एकच छंद धरला नाही. लहानमोठी गीते, वेगवेगळी वृत्ते, ऋतूमागून ऋतू. काळ पुढे जात नाही तेव्हा मनाच्या लहरी हाच क्रम होतो. दहाव्या सर्गात उर्मिला शरयूला आपले बालपण, मिथिला, स्वयंवर सांगते. कथेत आधी घडलेला भाग इतक्या उशिरा आला, कारण तो आठवण म्हणून आला. आठवणीची गरज विरहात असते, लग्नाच्या दिवशी नसते.

आता उरले सीताहरण, वाली-सुग्रीव, लंका. बाकीच्या रामायणांत सगळ्यात जास्त पाने खाणारा हा भाग. इथे तो अकराव्या सर्गात बातमी म्हणून येतो. हनुमान संजीवनीच्या शोधात असताना अयोध्येत उतरतो आणि घडलेले सांगतो. शेवटचे युद्ध बाराव्या सर्गात वसिष्ठांनी दिलेल्या दिव्यदृष्टीने अयोध्येकरांना दिसते. वाचकाला अगोदर ठाऊक असलेले सगळे कवीने थोडक्यात उरकले. ज्याबद्दल कुणी बोलले नव्हते, तिथे तो थांबला.

मी हे काव्य वाचतो तेव्हा दर वेळी वाटते, हा नियोजनाचा वस्तुपाठ आहे. काय गाळायचे हे ठरवायला त्याला शंभर निर्णय घ्यावे लागले नाहीत. त्याने एकच घेतला. बाकीचे नव्याण्णव त्या एकातून निघाले.

पाटी

गुप्तजी कविता आधी पाटीवर लिहीत आणि मग कागदावर उतरवत, असे त्यांच्याबद्दल सांगितले जाते. ज्यांनी लहानपणी पाटी वापरली आहे त्यांना हे लगेच कळेल. ओली चिंधी फिरवली की अक्षर जाते, पण पाटी वाळेपर्यंत त्याची पांढुरकी सावली दिसत राहते. त्या सावलीवर आपण दुसरी ओळ लिहितो. चुकण्याची भीती वाटत नाही, कारण चूक कुठे साठत नाही. आणि पाटी लहान असते, दहा-बारा ओळींची. तिच्यावर मावते तेवढेच एका वेळी मनात धरायचे असते.

आज आपल्याकडे साठवण्याची साधने अमाप आहेत. फोनमध्ये शेकडो नोंदी, कात्रणांची छायाचित्रे, अर्धवट ध्वनिमुद्रणे. जमवणे इतके सोपे झाले आहे की जमवणे हेच काम वाटू लागते. मी स्वतः कुठल्याही लेखाच्या आधी एक कोरा कागद घेतो आणि वर फक्त प्रश्न लिहितो, एका वाक्यात. त्याखाली, वही न उघडता, जे आठवेल ते टिपतो. जे आठवत नाही ते बहुधा लेखाला लागत नाही. मग क्रमांक घालतो, खोडतो, पुन्हा घालतो. तपशील पडताळायला वही उघडायची ती त्यानंतर. ही सवय मला लागली ती चिरगावची ही पाटी समजून घेतल्यावर.

अपुरे राहिलेले

१९३१ साली ‘साकेत’ला जोडलेल्या निवेदनात गुप्तजी फार मोकळेपणाने बोलले आहेत. सगळ्यांत शेवटी ‘साकेत’ वाचकांपुढे ठेवून निरोप घ्यावा, अशी त्यांची इच्छा होती. लिहायचे होते ते सारे लिहून झाले नाही आणि शरीर थकले, म्हणून आताच ते पुरे केले, असे ते सांगतात. धाकटे बंधू सियारामशरण आपल्याला थांबू देत नाहीत, हेही प्रेमाने सांगतात. सगळ्यात मोलाची कबुली नवव्या सर्गाबद्दलची आहे. काव्य दोन वर्षांपूर्वीच झाले होते, पण नवव्या सर्गात काही उरले होते, आणि आपल्या मनाप्रमाणे ते आजही अपुरेच आहे.

तेवीस वर्षे तयारी करूनही कवी म्हणतो की अपुरे राहिले. तयारीचा अर्थ इथे नीट कळतो. सगळे हाती आल्यावर लिहायला बसू, असे म्हणणारा कधीच बसत नाही. तयारी करायची ती सुरुवात योग्य जागेवरून व्हावी म्हणून.

पुस्तकाला लगेच एक कसून वाचणारा भेटला. १९३२ साली गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात होते. तिथे त्यांनी ‘साकेत’ वाचले आणि उर्मिलेच्या विलापाविषयी आपली शंका कवीला पत्राने कळवली. गुप्तजींनी आदर राखून, पण आपली बाजू न सोडता उत्तर पाठवले. पुण्याच्या तुरुंगातून चिरगावला आणि चिरगावहून पुण्याला गेलेली ती पत्रे मला फार जवळची वाटतात. ज्याने आपली जागा विचारपूर्वक ठरवली आहे, त्याला ती थोरामोठ्यांसमोर नम्रपणे सांभाळता येते.

त्यानंतर तेवीस वर्षांनी, १ एप्रिल १९५५ रोजी पुणे आकाशवाणीवरून ‘गीतरामायण’ सुरू झाले. ग. दि. माडगूळकरांनी तीच कथा हाती घेतली. आठवड्याला एक गीत, साधारण वर्षभरात छप्पन्न गीते, सुधीर फडक्यांचे संगीत. तिथेही आधी जागा ठरली होती : रामासमोर त्याचेच पुत्र गात आहेत, आणि प्रत्येक प्रसंग त्या त्या पात्राच्या तोंडून उलगडतो. चौकट इतकी पक्की होती म्हणून दर आठवड्याचा वायदा पाळता आला. एका कवीला पंधरा-सोळा वर्षे लागली, दुसऱ्याने वर्षात पुरे केले. वेळ किती लागला यावर काही ठरत नाही. दोघांनीही ओळखीच्या कथेत स्वतःची जागा आधी शोधली, हे त्यांच्यातले साम्य आहे.

गुप्तजी १२ डिसेंबर १९६४ रोजी गेले. गावाला ते ‘दद्दा’ होते, देशाला राष्ट्रकवी. जुन्या पुस्तकांच्या आतल्या पानावर तो पत्ता अजून वाचता येतो. मी तो वाचतो तेव्हा मला त्यात कवीने स्वतःसाठी पाळलेला नियमही दिसतो. ‘साकेत’च्या वर्षांत दिल्ली, काशी, अलाहाबाद मोकळी असताना तो आपल्या गावी राहिला, आणि आपल्या काव्यालाही मागे राहिलेल्यांच्या गावीच ठेवले.